इथरनेटवरचे संदेश नावानिशी दिसण्यासाठी: कॅनवरून आलेल्या अभियंत्याच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. पाच वर्षे कॅनवर, म्हणजे वाहनातील संगणकांना जोडणाऱ्या सामायिक तारेवर, काम केल्यानंतर आपल्याकडे इथरनेट असलेल्या वाहनाच्या चाचणीचे काम आले आहे. पुरवठादाराने एआरएक्सएमएल फाइल (वाहनातील संदेशांची रचना सांगणारी) दिली आहे, वाहनातील स्विचच्या एका मोकळ्या पोर्टला १००बेस-टी१ चा मीडिया कन्व्हर्टर (वाहनातील इथरनेटची तार लॅपटॉपच्या साध्या इथरनेटला जोडणारा) लावून आपण लॅपटॉपवर वायरशार्क (जाळ्यावरची पॅकेट दाखवणारे साधन) सुरू केले आहे, आणि पडद्यावर यूडीपीच्या मोजक्या ओळी व हेक्स आकडे यांखेरीज काहीच दिसत नाही. डीबीसी फाइल (कॅनच्या संदेशांचे वर्णन) जोडली की कॅनचे सिग्नल जसे नाव, मूल्य आणि एकक घेऊन समोर येतात, तसे इथे येण्यासाठी डिकोडर कसा बसवायचा, असे आपण विचारले आहे.

डिकोडर कसा बसवायचा ते मी पुढे सांगतोच, परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून अडचण त्याच्या आधीच सुरू झालेली दिसते. आपल्याला हवे असलेले संदेश त्या लॅपटॉपपर्यंत बहुधा पोहोचतच नाहीत, आणि जे पोहोचलेच नाही ते कोणताही डिकोडर दाखवू शकत नाही. कॅनवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक सहकाऱ्याच्या बाबतीत मी हेच पाहिले आहे, आणि त्यात त्यांची चूक नसते. कॅनची तार सर्वांची सामायिक असते. तिच्यावर कुठेही जोडून घेतले की सगळे बोलणे ऐकू येते, त्यामुळे 'ऐकायचे कुठून' हा प्रश्न तिथे कधी पडतच नाही. इथरनेटवर तो पहिला प्रश्न आहे.

१००बेस-टी१ हे मानक आयईईईने ८०२.३बीडब्ल्यू या नावाने २०१५ मध्ये आणले, आणि पुढच्याच वर्षी १०००बेस-टी१ आले. दोन्हींमध्ये तारांची एकच पिळलेली जोडी असते आणि दोन्ही टोके त्याच जोडीवर एकाच वेळी बोलतात. स्वतः काय पाठवले हे माहीत असल्याने प्रत्येक टोक ते वजा करून समोरच्याचे तेवढे वेगळे काढते. मधल्या तारेला टाचणी लावून ऐकणाऱ्या तिसऱ्याला ही वजाबाकी करता येत नाही. म्हणून इथे कॅनसारखा साधा टी-जोड चालत नाही. तो लावला तर मूळ जोडणीच बिघडण्याची शक्यता अधिक. १०बेस-टी१एस हा प्रकार याला अपवाद आहे, कारण तिथे अनेक ईसीयू (वाहनातील नियंत्रक संगणक) एकाच तारेवर पाळीपाळीने बोलतात. परंतु आपल्या वाहनात तो नाही.

आता स्विचच्या मोकळ्या पोर्टचे पाहू. स्विचचे काम प्रत्येक फ्रेम, म्हणजे इथरनेटवरचा माहितीचा गठ्ठा, ज्याची त्याला देण्याचे आहे. कॅमेऱ्याकडून मध्यवर्ती ईसीयूला जाणारी फ्रेम आपल्या पोर्टवर येण्याचे काही कारणच नाही. आपल्याला मिळते ते सर्वांसाठी पाठवलेले ब्रॉडकास्ट आणि काही मल्टिकास्ट. आपण ज्या यूडीपीच्या मोजक्या ओळी पाहत आहात त्यांचा पोर्ट क्रमांक ३०४९० आहे का, ते पाहावे. असल्यास ते सम-आयपी (ईसीयूंमधील सेवांचे संदेश वाहणारा प्रोटोकॉल) याच्या सर्व्हिस डिस्कव्हरीचे संदेश आहेत. म्हणजे कोणता ईसीयू कोणती सेवा देऊ करतो आहे, याच्या घोषणा. त्या उपयोगी असतात, पण वाहनाचा वेग किंवा दरवाज्याची स्थिती त्यांत नसते. शिवाय आपला पोर्ट एखाद्या व्हीलॅनचा (त्याच तारांवरील वेगळ्या आभासी जाळ्याचा) सदस्यच नसेल, तर त्या व्हीलॅनवरच्या घोषणाही दिसणार नाहीत.

योग्य जागा दोनच आहेत: स्विचचा मिरर पोर्ट (जिथे इतर पोर्टवरच्या फ्रेमची प्रत मिळते) किंवा दोन टोकांच्या मध्ये बसवलेला सक्रिय टॅप (फ्रेम पुढे देत तिची प्रत काढणारे साधन). कोणती निवडावी हे परिस्थितीवर अवलंबून आहे. मिरर पोर्टसाठी हार्नेसला, म्हणजे वाहनातील तारांच्या जुडग्याला, हात लावावा लागत नाही, मात्र तो त्या ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधून चालू करावा लागतो आणि त्यासाठी पुरवठादाराकडून चाचणीसाठीची वेगळी बिल्ड मागावी लागते. १०० मेगाबिटच्या एका जोडणीच्या दोन्ही दिशा मिळून कमाल २०० मेगाबिट होतात; त्या १०० मेगाबिटच्या मिरर पोर्टवर ओतल्या, तर गर्दीच्या क्षणी फ्रेम गळतात आणि लॉगमध्ये त्याची कोणतीही खूण राहत नाही. म्हणून मिरर पोर्ट गिगाबिटचा असावा आणि स्विचमधील गळतीचा काउंटर लॉग सुरू करण्यापूर्वी व थांबवल्यानंतर वाचून ठेवावा. मी स्वतः बेंचवर मिरर पोर्ट पसंत करतो. चालत्या गाडीत, विशेषतः कॅमेरा किंवा रडारच्या जोडणीवर, टॅप वापरतो.

टॅपच्या जागी घरगुती उपाय करण्याचा मोह होतो, त्याविषयी एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका कार्यशाळेत आम्ही कॅमेरा आणि मध्यवर्ती ईसीयू यांच्यामध्ये दोन मीडिया कन्व्हर्टर आणि त्यांच्या मधोमध एक साधा कार्यालयीन स्विच बसवला. जोडणी लागली, चित्रही दिसू लागले, आणि थोड्या वेळाने कॅमेरा दोष दाखवू लागला. तीन दिवस आम्ही कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर तपासत राहिलो. दोष मधल्या स्विचमध्ये होता. वाहनातील घड्याळे जुळवणारा जीपीटीपी, म्हणजे आयईईई ८०२.१एएस, शेजाऱ्यापर्यंतचा विलंब मोजतो आणि तांब्याच्या जोडणीसाठी त्याची मानकातील मूळ मर्यादा ८०० नॅनोसेकंद आहे. फ्रेम पूर्ण घेऊन मगच पुढे पाठवणाऱ्या स्विचला १०० मेगाबिटवर ६४ बाइटची लहानात लहान फ्रेम घ्यायलाच पाच मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. त्यातही जीपीटीपीचे संदेश ०१-८०-सी२-००-००-०ई या राखीव पत्त्यावर जातात आणि नियमाने चालणारा स्विच हा पत्ता पुढे पाठवतच नाही. आमच्या ऐकण्यामुळेच वाहनाचे घड्याळ तुटले होते. तेव्हापासून ऐकण्याचे कोणतेही साधन बसवल्यावर मी सर्वप्रथम दोन्ही टोकांची वेळ जुळलेली आहे का, हे पाहतो आणि मगच पुढचे काम हाती घेतो. टॅप विकत घेताना त्याचा विलंब किती आणि तो स्थिर आहे का, हे विचारून घ्यावे.

जागा ठरली की लॅपटॉपकडे वळावे. इथे दोन गोष्टी वारंवार नडतात. पहिली म्हणजे विंडोजवरील अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर व्हीलॅनचा टॅग वायरशार्कपर्यंत पोहोचण्यापूर्वीच काढून टाकतात. फ्रेम दिसते, पण ती कोणत्या व्हीलॅनची होती हे कळत नाही. काही कार्डांत ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये मॉनिटर मोड चालू करून हे दुरुस्त होते, आणि लिनक्सवर इथटूलने टॅग काढण्याची सोय बंद करता येते. दुसरी म्हणजे वेळेची नोंद. लॅपटॉपने दिलेली वेळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या सवडीने पडते. संदेशांचा मजकूर वाचायचा असेल तर ती पुरते, परंतु कॅनवरची घटना आधी की इथरनेटवरची, असा प्रश्न असेल तर पुरत नाही. त्यासाठी हार्डवेअरमध्येच वेळ नोंदवणारे कॅप्चर मॉड्यूल हवे. अशी मॉड्यूल मूळ फ्रेमला आपल्या आवरणात गुंडाळून पाठवतात, आणि त्या आवरणाचा इथरटाइप (फ्रेमच्या आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा आकडा) बऱ्याचदा हेक्स ९९एफई असतो. तो दिसला तर आतली फ्रेम उलगडणारा डिसेक्टर चालू आहे ना, हे तपासावे. नाहीतर सगळाच लॉग अनोळखी वाटतो.

साठवणुकीचा अंदाजही आधीच घ्यावा. १०० मेगाबिटची एक दिशा पूर्ण भरलेली असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट होतात. लॉगच्या फाइल ठरावीक आकाराला तोडून घेणे सोयीचे पडते.

इथपर्यंत आल्यावर फ्रेम हाताशी असतात, आणि आता त्या कोणत्या जातीच्या आहेत हे ओळखायचे. वाहनातील इथरनेटवर सगळेच सम-आयपी नसते. इथरटाइप हेक्स २२एफ० असेल तर तो एव्हीटीपी, बहुधा कॅमेऱ्याचे चित्र किंवा आवाज. ८८एफ७ असेल तर घड्याळ जुळवणारा जीपीटीपी. पोर्ट १३४०० असेल तर डीओआयपी, म्हणजे निदानाचे संदेश. उरलेल्या यूडीपी आणि टीसीपीमध्ये आपले सिग्नल असतात, आणि तिथे दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की अनुभवी माणूसही फसतो. एक खरा सम-आयपी. दुसरी म्हणजे गेटवेने जुन्या कॅनवरचे पीडीयू (सिग्नलांचे गठ्ठे) जसेच्या तसे उचलून यूडीपीत भरलेले. दोघांच्याही सुरुवातीला चार बाइटचा ओळखक्रमांक आणि चार बाइटची लांबी असते. फरक पुढे आहे: सम-आयपीमध्ये तेरावा बाइट प्रोटोकॉलची आवृत्ती म्हणून नेहमी ०१ असतो, आणि लांबीमध्ये तिच्या पुढचे आठ शीर्षबाइटही मोजलेले असतात. पीडीयूमध्ये लांबी फक्त मजकुराची असते, आणि एका पॅकेटमध्ये असे अनेक पीडीयू ओळीने येतात. आपल्या वाहनात कॅनचे नेटवर्कही शिल्लक आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून दोन्ही जाती सापडतील असे धरून चालावे.

आता एक संदेश हाताने वाचून पाहू. कोणतेही साधन जोडण्यापूर्वी मी नव्या सहकाऱ्यांना हे करायला लावतो, कारण पुढे साधन चुकले तर ते कळण्याचा हाच एक आधार असतो. समजा, यूडीपीच्या आत हे २४ बाइट आहेत:

१२ ३४ ८० ०१ ०० ०० ०० १० ०० ०० ०० ०१ ०१ ०१ ०२ ०० ४२ ४८ ०० ०० ०० १९ ०१ ००

पहिले दोन बाइट सेवेचा क्रमांक, १२३४. पुढचे दोन ८००१. यात सर्वांत वरचा बिट १ आहे, म्हणजे ही मेथड (मागितल्यावर उत्तर देणारी) नसून इव्हेंट (सेवेने आपणहून पाठवलेली माहिती) आहे. लांबी हेक्स १०, म्हणजे १६. त्यातून आठ वजा केले की मजकूर आठ बाइटचा. क्लायंट शून्य, सेशन १. मग प्रोटोकॉल आवृत्ती ०१, इंटरफेस आवृत्ती ०१, संदेशाचा प्रकार ०२ म्हणजे नोटिफिकेशन, आणि रिटर्न कोड ००. मजकुराचे वर्णन फाइलमध्ये असे आहे असे धरू: चार बाइटचा फ्लोट वेग, दोन बाइटचा काउंटर, एक बाइट वैधतेचा, एक रिकामा. ४२ ४८ ०० ०० हा फ्लोट बरोबर ५०.० होतो, काउंटर २५, आणि वैधता १.

हेच चार बाइट कोणी उलट क्रमाने वाचले तर काय होईल, ते पाहावे. उत्तर इतके सूक्ष्म येते की आलेखावर ते शून्यच दिसते. गाडी ताशी ५० किलोमीटरने धावते आहे आणि आलेखावर ती उभी आहे. पडद्यावर कचरा दिसला असता तर आपण थांबून तपासले असते. शून्य हे वेगाचे अगदी शक्य असलेले मूल्य आहे, म्हणून संशय येत नाही. सम-आयपीचे शीर्ष नेहमी मोठा बाइट आधी असेच असते, परंतु मजकुराचा क्रम एआरएक्सएमएल ठरवते. म्हणूनच मी पहिली पडताळणी नेहमी ज्ञात, शून्येतर आणि सहसा न येणाऱ्या मूल्यावर करतो: दरवाजा उघडतो, वातानुकूलन २१.५ अंशांवर ठेवतो, आणि तेच आकडे लॉगमध्ये शोधतो.

मजकूर सरकण्याची आणखी काही ठिकाणे आहेत. सुरक्षिततेशी संबंधित संदेशांत शीर्ष आणि मजकूर यांच्यामध्ये ई-टू-ई (टोकापासून टोकापर्यंतच्या) संरक्षणाचे शीर्ष असते. प्रोफाइल ४ असेल तर ते १२ बाइटचे, आणि ते विसरले तर पुढचे प्रत्येक क्षेत्र १२ बाइटांनी चुकते. बदलत्या लांबीच्या ॲरेपुढे लांबीचे क्षेत्र असते आणि ते बाइटांत मोजलेले असते, घटकांच्या संख्येत नव्हे. स्ट्रिंगच्या सुरुवातीला बीओएम (अक्षरांची संकेतपद्धत व बाइटांचा क्रम सांगणारी खूण) असतो. संदेशाच्या प्रकारात ०२ ऐवजी २२ दिसले तर मोठा संदेश तुकड्यांत आला आहे, आणि ते तुकडे जोडल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये. टीसीपीवर तर संदेशाची सीमा आणि पॅकेटची सीमा यांचा काही संबंधच नसतो. स्वतः पायथनमध्ये वाचक लिहिणाऱ्यांकडून एका यूडीपी पॅकेटमधला पहिलाच सम-आयपी संदेश वाचून बाकीचे सोडून देण्याची चूक मी अनेकदा पाहिली आहे.

हाताने एक संदेश जुळला की साधनाकडे जावे. वायरशार्कमध्ये सम-आयपीचा डिसेक्टर मुळातच आहे, परंतु तो एआरएक्सएमएल थेट वाचत नाही. त्याला सेवा, मेथड आणि इव्हेंट, पॅरामीटर, स्ट्रक्ट, ॲरे, एनम असे तक्ते भरून द्यावे लागतात. हे तक्ते प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइल म्हणून राहतात, त्यामुळे ते एखाद्या रूपांतरकाने तयार करता येतात. प्रत्येक वाहनासाठी आणि प्रत्येक सॉफ्टवेअर आवृत्तीसाठी वेगळे प्रोफाइल ठेवावे. सुरुवात मात्र वर दाखवल्यासारख्या एकाच इव्हेंटचे तक्ते हाताने भरून करावी. ते जुळले तर रूपांतरकावर विश्वास टाकायला आधार मिळतो. संदेश कोणत्या पोर्टवर आहे हे वायरशार्कला सर्व्हिस डिस्कव्हरीतील ऑफरवरून कळते. लॉग ऑफरनंतर सुरू झाला असेल तर पोर्ट स्वतः सांगावा लागतो. आपल्याकडे कॅनोसारखे व्यावसायिक साधन असेल तर ते एआरएक्सएमएल थेट घेते आणि कॅनचे सिग्नलही त्याच वेळरेषेवर दाखवते. दिवसभर सिग्नल पाहण्याचेच काम असेल तर त्याची किंमत वसूल होते. 'फ्रेम आली का आणि कुठून आली' या प्रश्नासाठी मी अजूनही वायरशार्कच उघडतो.

फाइलबद्दलही पुरवठादाराला दोन प्रश्न विचारावेत. ही संपूर्ण प्रणालीची फाइल आहे की एका ईसीयूपुरता काढलेला एक्स्ट्रॅक्ट? एक्स्ट्रॅक्ट असेल तर त्यात त्या ईसीयूचा संबंध नसलेल्या सेवा नसतातच, आणि त्या संदेशांचे हेक्स आकडे हेक्सच राहतील. आणि ती वाहनात आज असलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची आहे का? संदेशातील इंटरफेस आवृत्तीचा बाइट आणि फाइलमधील सेवेची मुख्य आवृत्ती जुळत नसेल, तर पुढे एक पाऊलही टाकू नये. ते जुळले म्हणजे सगळे जुळले असे मात्र नव्हे. विकासाच्या काळात स्ट्रक्टमध्ये क्षेत्र वाढवून आवृत्ती तशीच ठेवल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. लांबी तपासली की ते उघडकीस येते.

हे सर्व करूनही एखादा इव्हेंट दिसत नसेल तर तो पाठवलाच जात नसण्याची शक्यता आहे. कॅनवर ईसीयू कोणी ऐको वा न ऐको, संदेश पाठवत राहतो. सम-आयपीत आधी ऑफर, मग सबस्क्राइब, मग ॲक, असा क्रम होतो आणि त्यानंतरच इव्हेंट वाहू लागतात. कोणी वर्गणीदारच नसेल तर वायरवर काही येत नाही. ॲकमधील टीटीएल (वैधतेचा कालावधी) शून्य असेल तर तो नकार असतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून लॉग इग्निशन चालू करण्याच्या आधीच सुरू करावा. पहिल्या काही सेकंदांतच ही सगळी बोलणी होऊन जातात.

संदेश एनक्रिप्ट केलेले असतील का, याचे उत्तर आपल्या वाहनाच्या रचनेवर अवलंबून आहे. मॅकसेकचे (फ्रेम पातळीवरचे) एनक्रिप्शन वापरले असेल तर तारेवर बसवलेल्या टॅपला फक्त एनक्रिप्ट केलेला मजकूर मिळेल. मॅकसेक एका जोडणीपुरते असते, त्यामुळे स्विचमध्ये फ्रेम उलगडल्यानंतर मिरर होत असेल तर मिरर पोर्टवर ती वाचता येते. टीएलएस (दोन टोकांमधील एनक्रिप्शन) असेल तर किल्ल्यांशिवाय मार्ग नाही, आणि त्या वाहन उत्पादकाकडून रीतसर मागाव्यात. लॉग बाहेर पाठवतानाही काळजी घ्यावी: डीओआयपीच्या घोषणेत वाहनाचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळखक्रमांक, उघड असतो, आणि स्थानाचे सिग्नल असतील तर चालकाचा सगळा प्रवास त्यात असतो.

थोडक्यात क्रम असा: ऐकण्याची जागा, वाहनाचे घड्याळ शाबूत असल्याची खात्री, फ्रेमची जात, हाताने वाचलेला एक संदेश, मग तक्ते किंवा एआरएक्सएमएल, आणि शेवटी ज्ञात मूल्यावर पडताळणी. आपण सध्या पहिल्याच पायरीवर आहात, म्हणून आज तक्ते भरण्यात वेळ घालवू नये. स्विच कोणत्या ईसीयूमध्ये आहे आणि त्यात मिररची सोय आहे का, हे पुरवठादाराला आधी विचारावे. मिरर मिळाला की इग्निशनच्या आधीपासूनचा एक मिनिटाचा लॉग घ्यावा. ३०४९० वरच्या ऑफरांमधून आपल्याला हव्या असलेल्या सेवेचा क्रमांक शोधावा आणि तिच्या एका इव्हेंटचे पहिले १६ बाइट कागदावर उतरवून वरच्याप्रमाणे वाचावेत. ते जुळले नाहीत तर तेच १६ बाइट आणि एआरएक्सएमएलमधील त्या सेवेची मुख्य आवृत्ती मला कळवावी. सोबत लॉग पाठवणार असाल तर त्यातून व्हीआयएन आणि स्थान काढून टाकलेले असावे.